अभ्यासाची दुबार पेरणी



वसंत व्याख्यानमालेचा श्रोता मोठ्या विषयांना सरावलेला असतो. ज्ञानेश्वरी, राज्यघटना, शेतमालाचे भाव, परराष्ट्रनीती असे विषय तो संध्याकाळच्या गारव्यात ऐकतो आणि घरी जाताना वक्त्याचे माप काढतो. अशा व्यासपीठावर ‘अभ्यासातून उडालेले मन पुन्हा कसे लागते’ हा विषय आम्ही निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले की, हे शाळेच्या पालकसभेत सांगण्याचे, गावापुढे कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु पालकसभा शाळा बोलावते, आणि ज्याचे मन अभ्यासातून उडाले आहे तो बहुधा शाळेच्या नजरेआड झालेला असतो. मुलगा असेल तर तो पानठेल्यावर असतो, किंवा अभ्यासिकेत उघड्या पुस्तकापुढे असतो; मुलगी असेल तर ती आईबरोबर मजुरीला जाऊ लागलेली असते, किंवा तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झालेले असते. म्हणून हा विषय शाळेचा कमी आणि गावाचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

शिवाय दिवस कोणते आहेत तेही पाहावे. परीक्षा संपल्या आहेत, निकाल लागावयाचे आहेत. घाटावरच्या बुलढाणा-चिखली-मेहकरात काय किंवा घाटाखालच्या खामगाव-नांदुरा-मलकापुरात काय, प्रत्येक आळीत एखादे तरी घर असे आहे की, तेथल्या मुलाला आपल्या निकालात काय येणार हे आजच ठाऊक आहे आणि त्याने ते कोणालाही सांगितलेले नाही. पेपर लिहितानाच त्याला ते कळले होते; खरे तर दिवाळीपासून कळत होते. आजचे चार शब्द त्या मुलापर्यंत थेट पोचतील अशी आमची अपेक्षा नाही. ते त्याच्या आईबापांपर्यंत, काकांपर्यंत, शेजाऱ्यांपर्यंत पोचले तरी पुष्कळ झाले.

आपल्याकडे आई म्हणते, “पोराचं मनच नाही लागून राह्यलं.” या बोलण्याकडे जरा नीट पाहावे. मराठीत मन आपण ‘लावतो’ असे म्हणतो खरे, पण तक्रार करताना मात्र ‘लागत नाही’ असेच म्हणतो. भूक लागते, झोप लागते, रोप लागते. रोप लावणे आपल्या हाती असते. ते लागले की नाही हे चार दिवसांनी कळते. आता कोणता शेतकरी असे म्हणेल की, आधी रोप लागू दे, मग मी ते लावीन? अभ्यासाच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही नेमके हेच म्हणतात. मन लागले की अभ्यासाला बसेन, इच्छा झाली की पुस्तक उघडीन, असे म्हणत मुलगा महिनेच्या महिने काढतो, आणि बाप त्याची इच्छा जागी व्हावी म्हणून त्याला भाषणे ऐकवतो. इच्छा हे या व्यवहारातील बियाणे नव्हे, ते पीक आहे. थोडे काही समजले, थोडे काही हाताला आले, म्हणजे मागाहून ती येते. जेथे कित्येक दिवसांत काहीच समजलेले नाही तेथे ती कोठून यावी?

म्हणून आम्ही प्रेरणेचा विचार बाजूस ठेवून जमिनीचा विचार करतो. या जिल्ह्यातल्या माणसाला दुबार पेरणी समजावून सांगावी लागत नाही. मृगाच्या पहिल्या पावसावर भरवसा ठेवून सोयाबीन, कापूस, मूग, उडीद पेरावा. चार दिवसांनी कोंब वर यावेत. आणि मग पावसाने तोंड फिरवावे. पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की कोंब करपतात. बियाण्याचे पैसे गेले, खत गेले, मजुरी गेली. आमच्या कोरडवाहू मुलखात हा प्रसंग ज्याच्यावर कधीच आला नाही असा शेतकरी विरळा. पण तो त्या वेळी काय करतो ते पाहण्यासारखे आहे. तो दुःखी असतो, कर्जाची चिंता असते, सावकाराला काय सांगावे हा प्रश्न असतो. परंतु आपण पेरणीला नालायक आहोत असे तो म्हणत नाही, आणि गावही त्याला तसे म्हणत नाही. पाऊस पडला नाही, एवढेच सर्वजण म्हणतात. मग तो शेतात जाऊन तासातासाने हिंडतो आणि किती रोपे वाचली ते मोजतो. पुरेशी वाचली असतील तर सगळे रान मोडीत नाही. जेथे जागा रिकामी पडली असेल तेथे नांग्या भरतो. फारच थोडी वाचली असतील तरच वखर घालतो. आणि दुसऱ्या वेळी पेरताना कॅलेंडर पाहतो. मूग-उडदाची वेळ निघून गेलेली असेल तर तो हट्टाने मूग-उडीद पेरीत नाही. उशिरा चालणारे पीक घेतो.

हे सारे शहाणपण ज्या घरात आहे, त्याच घरात मुलगा दहावीला दोन विषयांत नापास झाला म्हणजे काय होते? सहापैकी चार तासांत पीक उभे आहे, हे कोणी मोजीत नाही. सगळे रान मोडले जाते. “तुझं शिक्षण पुरे झालं” हे वाक्य त्याच संध्याकाळी उच्चारले जाते. वस्तुतः महाराष्ट्रात एक-दोन विषय राहिलेल्यालाही अकरावीत जाण्याची सवलत कित्येक वर्षांपासून आहे, आणि २०१५ पासून दहावीच्या नापास विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ऑक्टोबरपर्यंत न लांबवता निकालानंतर लगेच घेण्याची पद्धत मंडळाने सुरू केली. म्हणजे मंडळानेसुद्धा नांग्या भरण्याची सोय केली आहे. घराने मात्र वखर बाहेर काढलेला असतो.

येथे दुसरा एक शेतीचा शब्द आम्हांस मदतीला घ्यावासा वाटतो. तो म्हणजे वाफसा. जोराचा पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात कोणी लगेच औत घालीत नाही. घातले तर ढेकळे निघतात आणि ती वाळून दगड होतात. मग हंगामभर ती फुटत नाहीत. ओल थोडी जिरली, माती पायाला चिकटेनाशी झाली, की वाफसा आला असे म्हणतात. तो दोन-चार दिवसच टिकतो. चुकला की रान पुन्हा कठीण होते. निकालानंतरचे पहिले दोन-तीन दिवस हे ओल्या रानाचे दिवस होत. त्या दिवसांत घातलेला उपदेश दगड होऊन बसतो. त्या वेळी जेवायला हाक मारावी, शेतावर बरोबर न्यावे, पाहुण्यांनी विचारले तर बापाने पुढे होऊन उत्तर द्यावे. पण याच दिवसांचा आठवडा आणि आठवड्याचा महिना होऊ देणे हेही घातकच. ‘त्याच्या मनाप्रमाणे होऊ द्या’ असे म्हणून सहा महिने काही न बोलणारी प्रेमळ घरे आम्ही पाहिली आहेत. तेथेही वाफसा निघून जातो.

आता प्रश्न असा की, सुरुवात कोठून करावी? आमचे अनुभवाचे उत्तर असे आहे की, जेथे शेवटचे नीट समजले होते तेथून. हे ऐकायला सोपे आणि करायला फार अवघड आहे. कारण ते ठिकाण बहुधा दोन-तीन इयत्ता खाली असते. दहावीत बीजगणितात अडलेला मुलगा दहावीच्या बीजगणितात अडलेला नसतोच. तो सातवीच्या ऋण संख्यांत अडलेला असतो, किंवा पाचवीच्या अपूर्णांकांत. इंग्रजीत अडलेली मुलगी निबंधात अडलेली नसते. तिला वाक्यच वाचता येत नसते, आणि ते लपविण्यात तिची सारी हुशारी खर्च झालेली असते. आळस म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो, तो पुष्कळदा लाजेचा पदर असतो. खाली भगदाड आहे ते कोणाला दिसू नये म्हणून मुलगा पुस्तकच उघडीत नाही. आळशी म्हणवून घेणे त्याला परवडते, ढ म्हणवून घेणे परवडत नाही.

आणि एका पिढीच्या बाबतीत हे भगदाड तिच्या दोषाने पडलेले नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, त्या आमच्या खेड्यांतून पुष्कळ काळ बंदच राहिल्या. घरात एक मोबाईल, तोही बापाबरोबर शेतात. रेंज मिळाली तर गच्चीवर. २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. पेढे वाटले गेले. परंतु त्या दोन वर्षांत जे तिसरी-चौथीत होते त्यांचे भागाकार आणि अपूर्णांक हवेतच राहिले, आणि तीच मुले पुढे दहावीच्या उंबरठ्यावर आली. त्यांना खाली उतरून ती वीट बसवू देणे हे आपले कर्तव्य आहे. त्यांनी खाली उतरताना हसणे हे नव्हे.

खाली उतरण्याची लाज वाटून घेतली नाही अशा माणसांत महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव आम्ही प्रथम घेतो. थोरांचे दाखले मुलांच्या अंगावर फेकू नयेत असे आमचे मत आहे. “आंबेडकर दिव्याखाली शिकले आणि तुला पंखा लागतो” हे वाक्य ऐकून आजवर एकही मुलगा अभ्यासाला लागल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पण दाखला मोठेपणासाठी न देता रीत समजावून घेण्यासाठी दिला तर तो उपयोगी पडतो. कर्वे मुरुडचे. सतरा वर्षांचे असताना, म्हणजे १८७५ साली, मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेले. तेथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना बसूच दिले नाही. नापास होण्यातसुद्धा एक समाधान असते की आपण पेपर लिहिला. येथे तेही नाही. तसेच परत यावे लागले. (योगायोग असा की, आज आपण जिच्या नावाने जमलो आहोत त्या वसंत व्याख्यानमालेची पहिली परंपरा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात सुरू केली तीही १८७५ सालीच.) पुढल्या वर्षी कर्व्यांनी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. मराठी शाळेत मास्तर होण्याइतके शिक्षण झाले. गावच्या दृष्टीने येथे गोष्ट संपली होती. कर्व्यांनी मात्र मोठ्या वयात इंग्रजीची मुळाक्षरे गिरवायला घेतली आणि मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. तोपर्यंत त्यांचे लग्न होऊनही कित्येक वर्षे झाली होती. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आमच्या दृष्टीने या सगळ्यात मोलाचा भाग प्राध्यापकपदाचा नाही. मास्तरकीची परीक्षा उत्तीर्ण झालेला, घरसंसार असलेला तरुण पुन्हा मुळाक्षरांशी जाऊन बसतो, तो भाग मोलाचा आहे.

परंतु खाली उतरण्यात वेळ फार जाईल, अशी भीती मुलांना वाटते. तीन वर्षे मागे जायचे तर तीन वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचे सिद्ध होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या विद्वानाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरसमूहांच्या लांबलचक याद्या पाठ करावयाच्या, त्या विसरू द्यावयाच्या आणि पुन्हा पाठ करावयाच्या, असे तो वर्षानुवर्षे करीत बसला आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग त्याने मोजला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याने दुसरी एक गोष्ट मोजली ती अधिक दिलासा देणारी आहे. जे पूर्णपणे विसरलो असे वाटते, एक अक्षर आठवत नाही, तेही दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा कमी आवर्तनांत येते. या फरकाला त्याने बचत असे म्हटले. एकदा पाठ केलेली काही कडवी त्याने बावीस वर्षांनी पुन्हा पाठ केली, तेव्हाही थोडी का होईना बचत दिसलीच. म्हणजे विसरलेले पुसले गेलेले नसते. जमिनीत ओल असते. सातवीचे गणित दहावीच्या मुलाला सातवीच्या मुलापेक्षा लवकर येते. मनापासून बसला तर जे तेव्हा वर्षभर चालले होते त्यातला कामापुरता भाग काही आठवड्यांत हाती येतो, असे आमचे निरीक्षण आहे. आपल्या जुन्या शाळांना हे माहीत होते. त्यांचा शब्दच ‘उजळणी’ असा होता. पितळेचे भांडे काळे पडले म्हणून कोणी नवे आणीत नाही; चिंच लावून घासतो.

उजळणीची त्यांची रीतही ध्यानात घेण्यासारखी होती. मुले पाढे वाचीत बसत नसत, म्हणत असत. पुस्तक मिटून, एकमेकांपुढे, चुकत आणि दुरुस्त करीत. आजचा खचलेला विद्यार्थी नेमके उलट करतो. तो धडा वाचतो, रंगीत पेनाने रेघा ओढतो, पुन्हा वाचतो. वाचताना सारे ओळखीचे वाटते, म्हणून आले असे वाटते. परीक्षेत मात्र पाटी कोरी. असे दोन-चारदा झाले की तो स्वतःच्या डोक्यालाच दोष देऊ लागतो. अमेरिकेत सेंट लुई येथे रोएडिगर व कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये याची परीक्षा पाहिली. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचून पुन्हा वाचला. काहींनी वाचून मग कागद पालथा घालून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून आमच्याकडे कोणी सल्ला मागायला आले तर आम्ही सांगतो की, आठ तास बसू नये. वीस मिनिटे वाचावे, पुस्तक मिटावे आणि दहा मिनिटे आईला, बहिणीला, कोणी नसेल तर गोठ्यातल्या म्हशीला ते सांगावे. म्हैस चूक काढीत नाही हा तोटा आहे, पण ती हसतही नाही. दिवसात असा एक फेरा. दुसऱ्या आठवड्यात दोन. मुलाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी काल सांगितलेले आज आठवते असे दिसले, म्हणजे रोप लागले असे समजावे. तोपर्यंत त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा करू नये.

हे सर्व एकट्या मुलाला जमत नाही. एक जोडीदार असावा, आणि तो शक्यतो त्याच्यापेक्षा फार हुशार नसावा.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील एक भाग येथे सांगितला पाहिजे. ते लंडनला १९१६ मध्ये अभ्यासाला लागले, आणि वर्षभरात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे सारे अर्धवट सोडून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते, ती बोट पाणबुडीने बुडवली. बडोद्यात राहायला कोणी जागा दिली नाही, नोकरी सोडावी लागली. मग मुंबई, शिकवण्या, आणि १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी. अशा माणसाने शिक्षण पुरे झाले म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. तोवर त्यांच्या पाठीशी कोलंबियाची पदवीही होती. परंतु लंडन सोडताना त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची विद्यापीठाची परवानगी त्यांनी घेतली होती. पगारातून पैसे साठवून, मित्राची आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये मुदतीच्या आत परतले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी. पुढे रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी तसाच न स्वीकारता पुन्हा लिहायला सांगितला. तो त्यांनी १९२३ मध्ये मुंबईहून सुधारून पाठवला आणि डी. एस्सी. मिळवली. आमच्या विषयापुरते पाहायचे तर खंड पडणे आणि सुटणे यांत फरक कशाने पडला? परतण्याच्या तारखेने. त्यांच्या खंडाला शेवटचा दिवस होता. आमची मुले शाळा सोडतात तेव्हा “सध्या राहू दे” असे म्हणून सोडतात. त्या ‘सध्या’ला तारीख नसते, आणि म्हणून त्याचे ‘कायमचे’ कधी झाले ते कळतही नाही.

मुलींच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. मुलगा नापास झाला तर त्याला आणखी एक वर्ष मिळते. मुलगी नापास झाली तर तिला नवरा मिळतो. हे वाक्य टाळ्यांसाठी उच्चारलेले नाही, आणि आपण त्याला टाळ्या देऊ नयेत. मन उडण्याची चैन मुलीला परवडतच नाही. तिची एक घसरण हा घराला पुरेसा पुरावा ठरतो. अशा वेळी आम्हांस पार्वतीबाई आठवले आठवतात. त्या कर्व्यांच्या मेहुणी. वैधव्यानंतर शिकू लागल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. इंग्रजी शिकावे ही त्यांची इच्छा, पण कामाच्या रगाड्यात ते हाती घ्यावे आणि सुटावे असे पुन्हापुन्हा झाले. शेवटी १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० मध्ये परत आल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपल्याकडे बाई सुनेच्या हाती किल्ल्या देते. येथे बसलेल्या ज्या भगिनींची शाळा आठवी-नववीत सुटली असेल, त्यांना दहावीस बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आजही आहे, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. आईने पुस्तक उघडले की घरातल्या मुलाला काहीही सांगावे लागत नाही, हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

दुसरी बाजूही याच बुलढाण्यात घडली आहे. ताराबाई शिंदे या येथल्याच. मुलींच्या शिक्षणाची काही सोय नसताना घरीच वडिलांजवळ शिकून त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आज ते सर्व देशात अभ्यासले जाते. त्या काळी मात्र त्याच्या वाट्याला इतकी कुचेष्टा आली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घेऊन लिहावे लागले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. कारण एवढेच होते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या गावात हसणारे दहा आणि पाठीशी उभा राहणारा एक, तोही दूर पुण्यात, त्या गावात अभ्यास टिकवणे सोपे नव्हे. पुस्तक पुन्हा छापले गेले ते १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांच्या हातून.

आता एक अप्रिय गोष्ट. अभ्यासिकांतून बसलेले पंचविशी-तिशीचे शेकडो तरुण, येथे आणि पुण्याच्या पेठांतून, स्पर्धापरीक्षेच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नात आहेत. त्यांच्यापैकी काही पुढे अधिकारी होतील, आणि आपण येथेच त्यांचा सत्कार करू. परंतु बऱ्याच जणांचे मन उडाले आहे ते आळसाने नाही. त्यांना आतून हिशेब समजला आहे: जागा थोड्या, उमेदवार अफाट, वय सरत चाललेले. अशा तरुणाला ‘जिद्द सोडू नको’ एवढेच सांगणे हे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. त्याने एक तारीख ठरवावी, हा शेवटचा प्रयत्न म्हणून लिहून ठेवावे आणि त्याच वेळी दुसरे पीक कोणते ते पाहावे. मुगाची वेळ टळल्यावर तूर पेरणाऱ्याला आपण हरलेला म्हणत नाही. एवढे वाचलेला मुलगा बँकेत, शिक्षणात, शेतमालाच्या व्यापारात, ग्रामपंचायतीत उपयोगी पडणारा असतो. त्याचे वाचन वाया जात नाही. आम्हांस विचाराल तर गावाने त्याला “झालास का पास?” हे विचारणे आधी बंद करावे.

आणि जेथे मुलगा महिनाभर धड झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, ‘मी नसतो तर बरे’ अशा अर्थाचे काही बोलतो, तेथे आमचे व्याख्यान उपयोगाचे नाही. तेथे डॉक्टर हवा. शासनाची टेली मानस ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येते. अंगात ताप असता तर आपण भाषण दिले नसते.

शेवटी गावाने करावयाचे एक काम सुचवतो. खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलीला बारावीपर्यंत एस. टी.चा प्रवास मोफत आहे, ही फार चांगली सोय आहे. पण तो पास शाळेच्या दाखल्यावर मिळतो. शाळा सुटली की पास सुटतो, आणि पास सुटला की ती मुलगी पुन्हा पुस्तकापर्यंत पोचतच नाही. कारण घरात बसायला जागा नाही आणि तालुक्याला यायला भाडे नाही. ज्यांचा एखादा विषय राहिला आहे, किंवा ज्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे, अशा मुलींसाठी प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने एक खोली आणि गणित-इंग्रजी सांगणारे एक माणूस द्यावे. निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्याजवळ दुपार मोकळी असते. येण्याजाण्याच्या भाड्याचा खर्च दहा-वीस दुकानदारांनी मिळून उचलावा. व्याख्यानमालेच्या हारतुऱ्यांत जे जाते त्यातूनही थोडे उचलता येईल. खोली कोणती आणि माणूस कोण हे पुरवणी परीक्षेचे अर्ज निघण्याआधीच ठरले पाहिजे, कारण निकालापासून त्या परीक्षेपर्यंत मधले दिवस फार थोडे असतात. आणि खोलीची वेळ ठरवताना सोयीचे काय ते वाचनालयाच्या मंडळींनी पाहू नये. ज्या ज्या खेड्यातून मुली येणार, तेथे जाणारी शेवटची बस स्टँडवरून कितीला सुटते ते आधी विचारून यावे आणि त्याच्या अर्धा तास आधी वर्ग सोडावा.